महाराष्ट्रातील कोविड-१९ लसीकरणाची डिजिटल प्रमाणपत्रे : सुरक्षितता आणि खासगीपणा

कोविड-१९ लसीकरणाचे डिजिटल प्रमाणपत्र म्हणजे लस घेतल्याची नोंद असलेला, संगणकीय स्वाक्षरी केलेला आणि क्यूआर कोडच्या साहाय्याने पडताळता येणारा दाखला होय. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या लसीकरण मोहिमेत हे दाखले केंद्र सरकारच्या को-विन या प्रणालीतून दिले गेले. महाराष्ट्रात २०२१ व २०२२ या वर्षांत उपनगरी रेल्वेचा प्रवास, सार्वजनिक कार्यक्रम, दुकाने आणि काही ठिकाणी शिधा व इंधन यांच्यासाठीही हा दाखला मागितला गेला. आरोग्याची एक खासगी नोंद अशा रीतीने दैनंदिन व्यवहारांचे ओळखपत्र बनली. त्यातून दोन स्वतंत्र प्रश्न निर्माण झाले. दाखला खरा आहे हे कशावरून ओळखायचे, हा सुरक्षिततेचा प्रश्न. तो दाखवताना व्यक्तीची किती माहिती कोणाच्या हाती जाते, हा खासगीपणाचा प्रश्न. हे दोन प्रश्न बऱ्याचदा एकच समजले जातात. परंतु एकाचे उत्तर मिळाल्याने दुसरा सुटत नाही.

पार्श्वभूमी

लसीकरणाचा दाखला ही कल्पना नवी नाही. पीतज्वराच्या लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, म्हणजेच प्रवाशांना परिचित असलेले 'पिवळे कार्ड', अनेक दशकांपासून वापरात आहे. ते कागदी असते, धारकाजवळ राहते आणि मुख्यतः देशाच्या सीमेवर पाहिले जाते. कोविडच्या काळातील दाखला दोन बाबतींत वेगळा ठरला. एक तर त्याची मूळ नोंद मध्यवर्ती संगणकीय साठ्यात राहिली. दुसरे म्हणजे तो सीमेवरच नव्हे, तर देशांतर्गत रोजच्या व्यवहारांतही मागितला गेला.

को-विनची उभारणी लसींचा साठा व शीतसाखळी यांवर लक्ष ठेवणाऱ्या ई-विन या आधीच्या प्रणालीच्या आधारे झाली. मोहिमेपूर्वी २ जानेवारी २०२१ रोजी देशभर रंगीत तालीम घेण्यात आली. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, नागपूर, नंदुरबार आणि परभणीला लागून असलेला जालना हे जिल्हे निवडले होते. प्रारंभी आरोग्य कर्मचारी, १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिक व पंचेचाळीस वर्षांवरील सहव्याधीग्रस्त, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा मोहिमेचा विस्तार होत गेला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात शंभर कोटी मात्रांचा टप्पा पूर्ण झाला. पुढे ही संख्या २२० कोटींच्या वर गेली. इतक्या प्रचंड प्रमाणात आरोग्यविषयक दाखले देण्याचा हा देशातील पहिलाच प्रयोग होता.

दाखल्याची रचना

को-विनच्या दाखल्यावर लाभार्थ्याचे नाव, वय, लिंग, ओळखपत्राच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक, लाभार्थी संदर्भ क्रमांक, लसीचे नाव, मात्रेची तारीख, लस देणाऱ्याचे नाव व लसीकरण केंद्र हा तपशील असे. खाली पंतप्रधानांचे छायाचित्र व संदेश आणि एक क्यूआर कोड छापलेला असे. नागरिकांना दाखला को-विनच्या संकेतस्थळावरून, आरोग्य सेतू व डिजिलॉकर या ॲपवरून आणि ऑगस्ट २०२१ पासून व्हॉट्सॲपवरूनही उतरवून घेता येत होता.

दाखला तयार करण्यासाठी 'डिवॉक' या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा उपयोग करण्यात आला. तिची पद्धत थोडक्यात अशी : दाखल्यातील मजकुरावर एका गुप्त किल्लीने गणिती प्रक्रिया करून स्वाक्षरी तयार केली जाते. ही गुप्त किल्ली फक्त दाखला देणाऱ्या यंत्रणेकडे असते. तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली मात्र कोणालाही उपलब्ध असते आणि तिच्या साहाय्याने स्वाक्षरी तपासता येते. मजकुरातील एक अक्षर जरी बदलले, तरी स्वाक्षरी जुळत नाही. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरील शिक्क्याची नक्कल करता येते. गुप्त किल्ली हाती नसताना अशा स्वाक्षरीची नक्कल करणे व्यवहारतः अशक्य असते.

मजकूर आणि स्वाक्षरी क्यूआर कोडमध्येच साठवलेली असते. को-विनच्या पडताळणी पानावर कॅमेऱ्याने कोड वाचला, की दाखला अस्सल आहे किंवा नाही हे समजते आणि त्यावरील तपशील पडद्यावर दिसतो.

स्वाक्षरी काय सिद्ध करते

डिजिटल स्वाक्षरीविषयी सर्वसाधारण वाचकांत दोन गैरसमज आढळतात.

पहिला गैरसमज असा, की क्यूआर कोडमधील माहिती गुप्त असते. वस्तुतः ती कूटबद्ध केलेली नसून केवळ आकाराने आवळलेली असते. साध्या मोबाइलवरील वाचकाला ती निरर्थक अक्षरांसारखी दिसते. परंतु संगणकाची प्राथमिक जाण असलेली व्यक्ती ती उलगडून वाचू शकते. कोडचे छायाचित्र ज्याच्या हाती जाते, त्याच्या हाती दाखल्यातील माहितीही जाते. स्वाक्षरी मजकुरात फेरफार होऊ देत नाही. तो मजकूर कोणी वाचावा हे मात्र ती ठरवत नाही. लस घेतल्याच्या आनंदात अनेकांनी आपले दाखले समाजमाध्यमांवर टाकले. तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबर दोस्त' या खात्याने मे २०२१ मध्ये तसे न करण्याची सूचना दिली होती.

दुसरा गैरसमज असा, की स्वाक्षरी जुळली म्हणजे लस घेतली हे सिद्ध झाले. स्वाक्षरीवरून फक्त एवढेच समजते, की ही नोंद अधिकृत यंत्रणेतून बाहेर पडली आणि त्यानंतर बदललेली नाही. मूळ नोंदच खोटी असेल, तर त्या खोट्या नोंदीवरही खरी स्वाक्षरी उमटते. लसीकरण केंद्राचे लॉगइन ज्याच्या हाती, त्याच्या प्रामाणिकपणावर दाखल्याचा खरेपणा अवलंबून राहतो.

याखेरीज तिसरी मर्यादा पडताळणीतील आहे. दुसऱ्याचा अस्सल दाखला कोणीही स्वतःचा म्हणून दाखवू शकतो. म्हणून पडद्यावर दिसणारे नाव छायाचित्र असलेल्या ओळखपत्राशी ताडून पाहणे आवश्यक असते. प्रवेशद्वारावरील पहारेकऱ्याने मोबाइलच्या पडद्यावरील हिरव्या रंगाकडे नुसती नजर टाकून आत सोडले, तर स्वाक्षरीचे सगळे गणित वाया जाते.

खोट्या नोंदी आणि चुकीच्या नोंदी

या मर्यादेचा ठळक अनुभव मुंबईत आला. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका गृहनिर्माण संस्थेत सशुल्क लसीकरण शिबिर भरवण्यात आले. त्यानंतर रहिवाशांना जे दाखले मिळाले, त्यांवर वेगवेगळ्या रुग्णालयांची व केंद्रांची नावे होती. त्या रुग्णालयांनी असे शिबिर घेतल्याचा इन्कार केल्यावर फसवणूक उघड झाली. शहरात अशी किमान नऊ बनावट शिबिरे झाली आणि त्यांत २,०५३ जण फसले, अशी माहिती जून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर ठेवण्यात आली. न्यायालयाने खासगी शिबिरांसाठी नियमावली करण्याची निकड व्यक्त केली. या प्रकरणातील नागरिकांपुढचा प्रश्न कागदापुरता नव्हता. आपल्या शरीरात नेमके काय टोचले गेले आणि आपल्याला संरक्षण मिळाले आहे की नाही, हे हातातील दाखला सांगू शकत नव्हता.

फसवणुकीचा हेतू नसतानाही चुका झाल्या. लस न घेता ती घेतल्याचा संदेश येणे, नावात किंवा वयात चूक असणे, दोन मात्रा वेगवेगळ्या क्रमांकांवर नोंदल्या जाऊन दोन्हींवर 'पहिली मात्रा' असे छापले जाणे, अशा तक्रारी देशभरातून येत होत्या. जून २०२१ पासून नाव, जन्मवर्ष व लिंग यांत दुरुस्ती करण्याची सोय को-विनवर देण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये लसीकरणाची चुकीची नोंद रद्द करून घेण्याची तरतूदही झाली. तथापि मूळ साठ्यातील नोंद दुरुस्त झाली, तरी आधी उतरवून घेतलेल्या प्रतीवरील स्वाक्षरी गणिताच्या दृष्टीने जुळतच राहते. रद्द झालेल्या दाखल्यांची यादी पडताळणीच्या वेळी तपासली जात नसेल, तर जुनी प्रत चालून जाण्याचा धोका उरतो.

महाराष्ट्रातील सक्ती

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ८ ऑगस्ट २०२१ रोजी केलेल्या घोषणेनुसार १५ ऑगस्टपासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेत लसीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्या नागरिकांना प्रवासाची मुभा मिळाली. त्यासाठी रेल्वे स्थानकांवर महापालिकांच्या कर्मचाऱ्यांमार्फत दाखला व ओळखपत्र तपासून शिक्का मारण्याची व्यवस्था करण्यात आली. त्याचबरोबर राज्य सरकारने 'युनिव्हर्सल पास' ही ऑनलाइन सोय सुरू केली. नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी भरून व छायाचित्र जोडून क्यूआर कोड असलेला पास मिळत असे. पासवर छायाचित्र असल्यामुळे दुसऱ्याचा दाखला वापरणे कठीण झाले. मात्र त्यासाठी को-विनमधील नोंद आणि नागरिकाचे छायाचित्र राज्याच्या आणखी एका संगणकीय प्रणालीत गेले. सुरक्षितता वाढवण्याच्या उपायाने खासगीपणावरील भार कसा वाढतो, याचे हे उदाहरण आहे.

ओमायक्रॉन या नव्या प्रकाराच्या पार्श्वभूमीवर २७ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्य सरकारने सार्वजनिक वाहतूक, कार्यक्रम, दुकाने व मॉल यांत पूर्ण लसीकरणाची अट घातली. पुरावा म्हणून युनिव्हर्सल पास किंवा छायाचित्र असलेल्या ओळखपत्रासह को-विनचा दाखला ग्राह्य धरण्यात आला. कोविडविषयक नियम मोडणाऱ्या व्यक्तीस ५०० रुपये, तर आस्थापनेस १०,००० रुपये दंड ठरवण्यात आला. त्यामुळे दाखला पाहण्याचे काम सरकारी यंत्रणेपुरते न राहता दुकानदार, बसवाहक व पहारेकरी यांच्याकडे आले.

मराठवाड्यात याहून कडक पाऊल औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात उचलले गेले. लसीकरणाचे प्रमाण वाढवण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाने रास्त भाव दुकाने, पेट्रोल पंप व गॅस एजन्सी यांना, किमान एक मात्रा घेतल्याचा दाखला पाहूनच वस्तू देण्याचा आदेश दिला. साथ रोखण्यासाठी असे उपाय आवश्यक होते, असे समर्थक म्हणत. विरोधकांचा आक्षेप असा, की गरीब कुटुंबाचा शिधा ही सवलत नसून हक्क आहे आणि तो आरोग्याच्या दाखल्याशी जोडणे अनुचित आहे.

राज्यातील हे निर्बंध गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून, मागे घेण्यात आले.

ग्रामीण भागातील खासगीपणा

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८,३६,०८६ असून तीत दर दहापैकी सुमारे सात जण ग्रामीण भागात राहतात. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा व परभणी असे नऊ तालुके जिल्ह्यात आहेत. अशा जिल्ह्यांच्या संदर्भात खासगीपणाचा प्रश्न महानगरांपेक्षा वेगळे रूप घेतो.

को-विनवर एका मोबाइल क्रमांकावरून चार जणांची नोंदणी करता येत असे. जानेवारी २०२२ मध्ये ही मर्यादा सहापर्यंत वाढवण्यात आली. घरात एकच फोन असलेल्या कुटुंबांची यामुळे सोय झाली. परंतु ज्याच्या हाती फोन व ओटीपी, त्याच्या हाती सर्वांच्या नोंदी, असाही त्याचा अर्थ होता. सुना, वृद्ध आईवडील किंवा शेतमजूर यांची नोंद दुसऱ्याच्या क्रमांकावर झाली असेल, तर स्वतःचा दाखला मिळवण्यासाठीही त्यांना त्या व्यक्तीवर अवलंबून राहावे लागे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांना दाखला काढण्यासाठी सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान किंवा ओळखीच्या तरुणाची मदत घ्यावी लागे. दाखल्याची प्रत छापण्यासाठी ती आधी दुकानदाराच्या संगणकावर किंवा व्हॉट्सॲपवर जाते. काम झाल्यावर ती तेथून पुसली जाईल, याची कोणतीही व्यवस्था मूळ प्रणालीत नव्हती. दाखला लॅमिनेट करून किंवा प्लास्टिकच्या कार्डावर छापून जवळ बाळगण्याची पद्धतही रूढ झाली. त्यामुळे पाकीट हरवले, तर दाखल्यावरील माहितीही परक्याच्या हाती जाण्याची शक्यता निर्माण झाली.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ रोजी लसीकरणासंबंधी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात केवळ ऑनलाइन नोंदणीवर विसंबण्याबाबत चिंता व्यक्त केली आणि डिजिटल साधने नसलेल्यांकडे लक्ष वेधले. आधार हेच एकमेव ओळखपत्र नाही, अन्य ओळखपत्रांवरही लस घेता येते, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच न्यायालयापुढे स्पष्ट केले.

किती माहिती पुरेशी?

माहितीचे रक्षण करण्याचा सर्वांत साधा नियम म्हणजे आवश्यकतेपेक्षा अधिक माहिती न मागणे. हॉटेलच्या दारात फक्त एवढेच जाणायचे असते, की समोरच्या व्यक्तीचे लसीकरण पूर्ण झाले आहे का. त्यासाठी तिचे वय, लसीकरण केंद्र किंवा ओळखपत्राचे अंक जाणण्याची गरज नसते.

हे तत्त्व सप्टेंबर २०२१ मध्ये को-विनवर आलेल्या एका सुविधेत काही अंशी उतरले. रेल्वे, विमान कंपनी किंवा मालक यांना एखाद्याची लसीकरणाची स्थिती जाणायची असल्यास त्या व्यक्तीचे नाव व मोबाइल क्रमांक भरायचा. तिला आलेल्या ओटीपीद्वारे संमती मिळाली, की उत्तर केवळ शून्य, एक किंवा दोन असे मिळे. शून्य म्हणजे लस घेतलेली नाही, एक म्हणजे अंशतः आणि दोन म्हणजे पूर्ण. मात्र जेथे काम, प्रवास किंवा प्रवेश त्यावरच अवलंबून असतो, तेथे ओटीपी देणे ही कितपत स्वेच्छेची संमती मानावी, हा प्रश्न उरतोच.

याच्या उलट प्रवाह परदेश प्रवासात दिसला. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोविशील्ड लसीला मान्यता देऊनही भारतीय दाखल्याविषयी आक्षेप घेतला होता. भारतीय दाखल्यावर वय असे, पूर्ण जन्मतारीख नसे. त्यानंतर परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारीख असलेला स्वतंत्र दाखला को-विनवर उपलब्ध झाला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून कोविशील्ड घेतलेल्या भारतीय प्रवाशांवरील विलगीकरणाची अट ब्रिटनने उठवली. पडताळणी नेमकी व्हावी म्हणून अधिक माहिती, आणि खासगीपणा जपावा म्हणून कमी माहिती, अशी ही ओढाताण आहे.

२०२३ मधील माहितीगळतीचे प्रकरण

१२ जून २०२३ रोजी टेलिग्रामवरील एका स्वयंचलित खात्याविषयी वृत्ते प्रसिद्ध झाली. त्यात मोबाइल क्रमांक टाकला असता त्यावर नोंदणी केलेल्यांची नावे, ओळखपत्रांचे क्रमांक, जन्मवर्ष व लसीकरण केंद्र अशी माहिती मिळत असल्याचे दिसून आले. अनेक लोकप्रतिनिधींची माहितीही त्यात होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने को-विनमधून माहिती फुटल्याची वृत्ते निराधार असल्याचे म्हटले आणि ओटीपीशिवाय माहिती मिळू शकत नाही, असे स्पष्टीकरण दिले. तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी, को-विनच्या साठ्यात थेट शिरकाव झाल्याचे दिसत नसून पूर्वी चोरलेल्या माहितीचा हा साठा असावा, असे सांगितले. चौकशी सर्ट-इन या संस्थेकडे सोपवण्यात आली. त्याच महिन्यात दिल्ली पोलिसांनी या प्रकरणी अटक केली.

एका क्रमांकावर अनेकांची नोंदणी असल्यामुळे एका फोन क्रमांकातून संपूर्ण कुटुंबाची माहिती मिळू शकत होती. कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले होते. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने हे प्रकरण घडले. दाखल्याची गरज संपली, तरी त्यासाठी गोळा केलेली माहिती धोक्याच्या कक्षेत राहते, हे यातून दिसून आले.

कायदेशीर बाजू

न्या. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या हक्कावर निर्बंध घालायचा असल्यास त्यास कायद्याचा आधार हवा, त्याचा हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, या कसोट्या त्यातून रूढ झाल्या.

मुंबईतील रेल्वे प्रवासावरील अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुनावणीत संबंधित आदेश विहित पद्धतीने काढले गेले नसल्याचा मुद्दा पुढे आला आणि न्यायालयाने त्याविषयी नाराजी व्यक्त केली. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल प्रकरणात न्या. एल. नागेश्वर राव व न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. सार्वजनिक हितासाठी सरकार निर्बंध घालू शकते. परंतु तेव्हाच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांवरील निर्बंध प्रमाणशीर ठरत नाहीत, असेही खंडपीठाने नमूद केले.

दाखले दिले जात असताना वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वंकष कायदा देशात नव्हता. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील मानल्या आहेत. पण ते नियम मुख्यतः खासगी संस्थांना लागू होतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागले. या कायद्यात साथीच्या काळात आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. तसेच आरोग्यविषयक माहितीचा स्वतंत्र संवेदनशील वर्ग त्यात ठेवलेला नाही. या दोन्ही मुद्द्यांवर टीका झाली आहे.

युरोपातील पद्धतीशी तुलना

युरोपीय संघाचा डिजिटल कोविड दाखला १ जुलै २०२१ ते ३० जून २०२३ या काळात लागू होता. त्यासाठी स्वतंत्र कायदा करून त्याची मुदत आधीच ठरवलेली होती. दाखला तपासणाऱ्याने त्यातील माहिती साठवून ठेवू नये, असे बंधनही होते. पडताळणीसाठी नागरिकाची माहिती मध्यवर्ती साठ्याकडे पाठवावी लागत नसे. तांत्रिक स्वाक्षरीचे तत्त्व भारतातल्यासारखेच होते आणि त्याची मर्यादाही तशीच होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ॲडॉल्फ हिटलरच्या नावाचा एक दाखला आढळला आणि पडताळणीत तो वैध ठरत होता. दाखला देण्याच्या यंत्रणेचा गैरवापर झाला, तर स्वाक्षरी त्यास रोखू शकत नाही, हे कांदिवलीप्रमाणे तेथेही सिद्ध झाले. दोन्हींतील मुख्य भेद तंत्रात नसून मुदतीच्या व वापराच्या कायदेशीर मर्यादांत होता.

नंतरचा काळ

को-विनच्या अनुभवावर आधारित यू-विन ही प्रणाली २०२३ च्या आरंभी निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. गर्भवती महिला व बालके यांच्या नियमित लसीकरणाची नोंद आणि डिजिटल दाखला तिच्याद्वारे दिला जातो. कोविडचा दाखला प्रौढांनी स्वतः घेतला होता. यू-विनमधील नोंद मात्र जन्मापासून सुरू होते आणि ती ज्यांची आहे, त्यांना संमती देण्याचे वय अद्याप आलेले नसते. नोंद कोण करतो, ती कोण पाहतो, किती काळ ठेवली जाते आणि चुकल्यास कोण दुरुस्त करतो, हे महासाथीच्या काळात पुढे आलेले चार प्रश्न त्यामुळे साथ ओसरल्यानंतरही कायम राहिले आहेत.